आमची वाटचाल : टेपच्या हेडपासून कानाच्या गादीपर्यंत

लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते मिळतात. त्यातल्या एका रस्त्यावर, बोळाच्या तोंडाशी आमचं दुकान आहे. बोर्डावर अजूनही ‘रेडिओ-टेप दुरुस्ती’ असंच लिहिलेलं आहे. पोरगा म्हणतो, बदला. मी बदलत नाही. ज्यानं स्पिरिटच्या बोळ्यानं टेपची हेडं पुसलीत, बारक्या स्क्रू ड्रायव्हरनं अझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन, जुळवलाय, त्याला आवाज कुठं मरतो ते कळतं. आज आमच्याकडं हेडफोन विकले जातात आणि दुरुस्तही होतात. पण कान तोच आहे.

टेपचा धंदा बसला तसे आम्ही हेडफोनकडं वळलो. शहरात बारावीची, डॉक्टरकीची तयारी करणारी पोरं राज्यभरातून येतात. एका खोलीत तिघं-चौघं, वर कुरकुरणारा पंखा, खिडकीत कूलर. अशा खोलीत मागून उघडा हेडफोन चालत नाही. त्याचा आवाज शेजारच्याला ऐकू जातो आणि शेजारच्याचा पाठांतराचा गोंगाट आपल्याला. म्हणून आम्ही पहिल्यापासून बंद पाठीचाच माल ठेवला.

माल येण्याच्या आधी मामू आले, हे सांगायला पाहिजे. मामू म्हणजे आमच्या शेजारचे गाडीचे सीटकव्हर शिवणारे. आमच्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या हेडफोनचा ड्रायव्हर, म्हणजे आतला बारका स्पीकर, बहुतेक वेळा ठणठणीत असायचा, फाटलेली असायची गादी. इथल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार जातो. घाम आणि डोक्याचं तेल रेक्झिनात मुरलं की त्याचे काळे पापुद्रे सुटतात आणि पोरांच्या गालाला चिकटतात. मामूंनी सीटकव्हरच्या उरलेल्या तुकड्यातून पहिली गोल गादी शिवली. दिसायला बरी, घालायला भट्टी. स्वतः घालून बसले, काढली, कान चोळले आणि म्हणाले, “शेठ, कान को हवा होना.” दुसऱ्या दिवशी मखमलीसारखं कापड घेऊन आले. आत मऊ फोम, वरची शिवण कानाच्या बाहेरच्या बाजूला. आमच्या धंद्याची खरी सुरुवात त्या शिवणीपासून झाली. नफ्यात त्यांचा हिस्सा ठरवलेला होता आणि आजही आहे.

आता ज्या माणसामुळं आम्ही बुडता बुडता वाचलो, त्याच्याबद्दल. नाव लिहीत नाही. आमच्याच टेबलावर सोल्डरिंग आयर्न धरायला शिकला. फ्लक्स किती लावायचा, पिनेतली केसासारखी तार वार्निश जाळून कशी जोडायची, हे मी हाताला धरून शिकवलं. एक दिवस न सांगता गेला आणि ट्यूशन एरियात काचेचं दुकान टाकलं. टाकलं तर टाकलं, आमचं काही म्हणणं नव्हतं. पण त्यानं भरली फर्स्ट कॉपी. नावाजलेल्या कंपनीचा शिक्का, तसाच खोका, किंमत चौथाई. वर गिऱ्हाइकाला सांगायचा, “गोलाईत जुना माल गाद्या बदलून नवा म्हणून विकायलेत.” आम्ही दुरुस्तीच्या गाद्या बदलतो, त्याचंच त्यानं हे केलं.

त्यातला एक हेडफोन दुरुस्तीला आमच्याकडंच आला. उघडला तर कपच्या आत लोखंडाची पट्टी चिकटवलेली. कशाला? हातात जड लागावा, म्हणजे गिऱ्हाइकाला भारी वाटावा. आमच्या काउंटरवर किराणा दुकानातला असतो तसला डिजिटल काटा त्या दिवसापासून आहे. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम50एक्स वायर सोडून 285 ग्रॅम भरतो, बेयरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो 270. चार-चार तास डोक्यावर ठेवायच्या वस्तूत वजन ही बढाई नाही, मानेचं दुखणं आहे.

त्याच सुमारास एका हॉस्टेलवाल्यानं आम्हाला तोंडी ऑर्डर दिली. आम्ही मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून उधारीवर माल उचलला. हॉस्टेलवाल्यानं ऐन वेळी त्या काचेच्या दुकानातून घेतलं. तोंडी शब्दाला पावती नसते. तेवढ्यात 2016 चा उन्हाळा आला, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आमच्या गल्लीत घागरींच्या रांगा, पोरं लवकर गावाकडं निघालेली, दुकानात खोक्यांची चळत. मुंबईचा व्यापारी रोज फोन करायचा. घरच्या पाटल्या सराफाकडं गेल्या. परत आणल्या, तेही इथंच नोंदवतो, कारण तो काचेच्या दुकानवाला अजून लोकांना सांगतो की आम्ही देणं बुडवलं.

त्या दिवसांत उभे राहिले ते गुरुजी. औसा तालुक्यातले, निवृत्त शिक्षक, पेटी वाजवतात, भजनी मंडळाचे अभंग कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करतात. जाड काड्यांचा चष्मा. कुठलाही हेडफोन घातला की काडी कानशिलात रुतायची, आणि गादी उचलली गेली की पखवाजाची धूम गायब. बंद हेडफोनचं गणितच असं आहे, फट पडली की खालचे सूर निसटतात. गुरुजींना डीटी 770 दिला, 80 ओहमचा. त्याची गादी मूळचीच मखमली. काडीभोवती दबते, कानशिलावर भार येत नाही. दोन दिवसांनी परत आले. मला वाटलं आता हे खोकं परत देणार. म्हणाले, “अजून दोन द्या. मंडळाला लागायलेत.” पैसे रोख. मग आसपासच्या गावांतली भजनी मंडळं आली, मंगल कार्यालयांचे साउंडवाले आले, कीर्तनाचे व्हिडिओ करणारी पोरं आली. मुंबईची उधारी त्यातून फिटली.

गिऱ्हाईक चुकतं कुठं, ते सांगतो. दुकानात दोन मिनिटं घालून “भारी आहे काका” म्हणतात. दुखणं वीस मिनिटांनंतर सुरू होतं. आमच्याकडं स्टूल आहे, बसा, चहा घ्या, डोक्यावर राहू द्या. गादीच्या भोकात अख्खा कान बसला पाहिजे आणि आतल्या जाळीला टेकता कामा नये; कानाची पाळी दुमडली तर तो तुमचा नाही, कितीही नावाजलेला असो. सेनहायझरचा एचडी 280 प्रो बाहेरचा आवाज 32 डेसिबलपर्यंत अडवतो असं कंपनी सांगते, पण त्याची पकड घट्ट आहे. मोठ्या डोक्याच्या माणसानं आधी विचार करावा. पकड सैल करायची तर रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवा, तेही पट्टी स्टीलची असेल तरच. प्लॅस्टिकची कट्‌कन तुटते, मग आमच्याकडं येऊन रडू नका. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा; आकडा मोठा तर मोबाईलची ताकद अपुरी पडते, म्हणून 250 ओहमचा मोबाईलला लावून “आवाजच नाही” म्हणू नका. आणि कूलरची घरघर बंद पाठीनं पूर्ण जात नाही, बोलणं-भांडणं जास्त अडतं. घरघरीवर मात करायला आवाज वाढवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसाला 80 डेसिबल आठवड्याला 40 तास एवढी मर्यादा सांगितली आहे. गादी नीट बसली की कमी आवाजातही लेक्चर ऐकू येतं. पोरांना हे सांगावं लागतं, पालकांनाही.

2020 मध्ये सगळं बंद झालं, मग ऑनलाइन क्लास सुरू झाले आणि मधली वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मामूंचा मुलगा आता मशीनवर बसतो. सोनीच्या एमडीआर-7506 च्या, 1991 पासून चालत आलेल्या मॉडेलच्या, मापाच्या गाद्या तो डोळे झाकून कापतो.

काचेचं दुकान अजून आहे. फर्स्ट कॉपीची गादी फाटली की तो गिऱ्हाइकाला आता आमच्याकडंच पाठवतो, गोलाईत जा म्हणतो. आम्ही गादी बसवून देतो. बाकी सगळ्यांना विद्यार्थी म्हणून थोडी सूट असते. त्याच्याकडून आलेल्याला नाही.