तुटकी घरात, अख्खी शेजारी

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की दुपारी तीनच्या सुमारास जुन्या बेकऱ्यांच्या दाराशी एक वेगळीच गर्दी दिसायला लागते. पाव-खारी घ्यायला आलेली ही माणसं नव्हेत. कुणाच्या हातात मैद्याचा डबा, कुणाच्या तुपाची बरणी, पिठीसाखरेची पिशवी. वेलची-जायफळाची पूड मात्र बहुतेकांनी कागदाच्या पुडीत बांधून मुठीत धरलेली असते, कारण बेकरीवाला पूड घालेल की नुसता इसेन्स, याबद्दल प्रत्येकाचं स्वतःचं एक मत असतं. नानकटाई भाजून आणायचा हा रिवाज कमी झालाय, संपलेला नाही.

फराळातल्या बाकीच्या जिनसा दुरुस्त होतात. चिवडा अळणी झाला तर मीठ-पिठीसाखर कालवून वरून चोळता येते. मऊ पडलेली चकली पुन्हा तळून निघते. रव्याचा लाडू दगड झाला तर दुधाचा हबका मारून परत वळता येतो, आणि करंजीचं सारण बिघडलंय हे कळेपर्यंत करंजी पोटात गेलेली असते. नानकटाईला यातली एकही सवलत नाही. भट्टीत गेली की गेली. तिथून बाहेर येईल ती जशी असेल तशी शेजाऱ्यांकडे जाणार, आणि शेजारीण पहिला घास घेऊन म्हणणार, "छान झालीय हं, थोडी कडक आवडते का तुमच्याकडे?"

म्हणून सगळं काम आधीच करायचं असतं, आणि त्यातलं निम्मं काम तुपाचं. प्रमाण सोपं आहे: २५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम तूप, १२५ ग्रॅम पिठीसाखर, दोन चमचे बारीक रवा किंवा बेसन, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ. यात पंचवीस-सत्तावीस नानकटाया होतात. पण याच प्रमाणात एकीची खुसखुशीत होते आणि दुसरीची थाळीभर पसरून एकच चपटी भाकरी होते, ती तुपाच्या अवस्थेमुळे. तूप थिजलेलं, रवाळ हवं. पातळ तुपाला कितीही फेसा, त्यात हवा राहत नाही. थिजलेल्या तुपात ती अडकून बसते. परातीत तूप घेऊन तळहाताने एकाच दिशेने फेसत राहायचं. साधारण दहा मिनिटांत पिवळं तूप पांढरं पडतं, हाताला हलकं लागतं, परातीला चिकटेनासं होतं. मग पिठीसाखर दोन-तीनदा घालत पुन्हा फेसायचं. सोडा काही नवे बुडबुडे करत नाही; फेसताना कोंडलेले असतात तेच भट्टीत फुगवतो. फेसायचा कंटाळा करून सोडा वाढवणाऱ्यांची नानकटाई फुगते खरी, पण जिभेवर साबण येतो आणि रंगही मळकट पिवळा होतो.

आता आपली दिवाळी नेमकी ऑक्टोबरच्या उकाड्याच्या शेपटाला येते. स्वयंपाकघर तिशीच्या वर गेलं की साजूक तूप फेसता फेसताच ढिलं पडायला लागतं. अशा वेळी परात पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायची, किंवा परातीखाली गार पाण्याचं ताट. बर्फाचा खडा तुपातच फिरवणाऱ्याही आहेत; चालतं, फक्त सुटलेलं पाणी निपटून काढायला हवं. हा सगळा त्रास वनस्पती तुपाला नाही. ते उकाड्यातही घट्ट राहतं. १९३७ साली डालडा बाजारात आल्यापासून बेकऱ्यांनी त्याला जवळ केलं ते स्वस्ताईइतकंच या गुणामुळे. पुढे त्यातल्या ट्रान्स फॅटची, म्हणजे हृदयाला घातक चरबीची, बोंब झाली आणि २०२२ पासून सरकारने त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा घातली. तरीही निम्मं साजूक, निम्मं वनस्पती हा हिशेब कित्येक घरांत अजून चालतो आणि शेजारी 'सगळं साजूक' असं सांगितलं जातं. यावर जास्त न बोललेलं बरं.

पिठाची गोष्ट त्यामानाने छोटी, पण घात तिथेच होतो. हाताला मळायची सवय असते. पोळीची कणीक तिंबणारा हात मैदा दिसला की तिंबायलाच लागतो. इथे मळायचं नाही, नुसतं एकत्र आणायचं. मैद्याच्या कणांना तुपाचा हात लागला पाहिजे, पाणी लागता कामा नये. पाणी आणि मळणं मिळालं की मैद्याला चिकटपणा येतो आणि नानकटाईचं बिस्किट होतं. मूठ वळून बघावी. वळत नसेल तर चमचाभर तूप आणखी घालावं. दुधाचा शिंतोडा देण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि दुधाच्या नानकटाया पुढे दातांनी फोडाव्या लागतात. गोळा अर्धा तास झाकून ठेवावा, लिंबाएवढे गोळे करून जरासे दाबावेत, वर सुरीने फुली किंवा मधोमध चारोळी. कडेला भेगा पडू लागल्या तर लगेच हाताने सारवायला जाऊ नये. नानकटाईला भेगा हव्यातच. गुळगुळीत नानकटाई बघून मला तरी संशय येतो.

थाळ्यात दोन नानकटायांमध्ये दोन बोटं जागा सोडतात. इथपर्यंत आपली सत्ता. पुढे भट्टी.

लाकडाच्या भट्टीत सकाळचा पाव निघून गेला की विटांमध्ये जी उतरती धग राहते, ती नानकटाईला मानवते. जाळ नको, धग हवी. बेकरीवाला लांब दांड्याच्या फावड्याने थाळे आत सरकवतो तेव्हा दाराशी उभ्या बायकांची नजर फावड्यावर नसते, चिठ्ठीवर असते. प्रत्येक थाळ्यात पिठात खोचलेली किंवा काठाला लावलेली नावाची चिठ्ठी, आणि ती जळेल, पडेल, दुसऱ्या थाळ्यात जाईल ही धास्ती. हुशार बाया चिठ्ठीवर अवलंबून राहत नाहीत. कुणी फुलीऐवजी तीन रेघा मारते, कुणी काजूचा तुकडा लावते. खूण म्हणून चारोळी कुणी लावत नाही, कारण ती सगळ्यांचीच असते. सुरतेतल्या डच वखारीतल्या बेकरीतून, पारशी हातांनी ही नानकटाई आपल्याकडे आली असं सांगतात. असेलही. इराण्यांनी आणि उत्तरेकडच्या भट्टीवाल्यांनी ती पोसली, आणि तूप-साखर घेऊन दारात उभं राहायची पद्धत आपली.

मुंबईत आता लाकडाच्या भट्ट्यांचा काळ भरत आलाय. २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. मुंबईची हवा बघता त्यावर भांडायला तोंड नाही. गॅसवरही नानकटाई उत्तम होते. फक्त उतरती धग मिळत नाही, काटा लावावा लागतो.

घरच्या ओव्हनचा काटा १६० वर. आधी दहा मिनिटं तापवलेला हवा, कारण गार ओव्हनमध्ये नानकटाई सेट व्हायच्या आधी तूप वितळतं आणि ती पसरते. अठरा ते वीस मिनिटं. १८० वर ठेवली तर बाहेरून तांबूस, आतून कच्च्या पिठाची. ओव्हन नसेल तर कुकरमध्ये तळाला जाडं मीठ पसरून, रिंग आणि शिट्टी काढून, मंद आंचेवर पंचवीसेक मिनिटं. तळ भाजतो, माथा पांढरा राहतो, चव बरी लागते. आणि भाजली की नाही हे माथ्यावरून ठरवू नये. एक उलटून बघावी. तळ बदामी झाला की झाली. त्या वेळी ती बोटाला मऊच लागते. 'अजून दोन मिनिटं' म्हणून परत आत ढकलणं हा घराघरातला ठरलेला गुन्हा. बाहेर काढून थाळ्यातच पूर्ण गार होऊ द्यावी, गरम असताना उचलली की मोडते, आणि कोमट असताना डब्यात भरली की झाकणाला वाफ धरून दुसऱ्या दिवशी सादळते.

मग वाटपाचं ताट. चिवडा वाटीत किंवा कागदात वेगळा, कारण नानकटाईतलं तूप लसणाचा-कढीपत्त्याचा वास असा ओढून घेतं की संध्याकाळपर्यंत ती चिवड्याची बहीण होते. लाडू खाली, करंज्या कडेने, चकल्या, शंकरपाळे, आणि नानकटाई सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर, कितीही कमी असल्या तरी. त्यावर क्रोशाचा रुमाल. ताटावर नाव कोरलेलं, म्हणजे परत यायची हमी. रिकामं यायचं नाही, किमान साखर तरी. पण साखर घालून आलं की समजावं, त्यांचा फराळ अजून व्हायचाय. परदेशी पाठवायची असेल तर गोल डब्यात नाण्यांसारखी चवड रचून मोकळी जागा कागदाने ठासून भरतात. नानकटाई डबा आदळून तुटत नाही, डब्यात हलून तुटते.

डिसेंबरात ताटाचा प्रवास उलट्या दिशेने होतो. गोव्यात, वसईत नाताळचं ताट येतं. गोव्याकडे त्याला कुस्वार म्हणतात: नेवऱ्या, काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर वळून तळलेली गोड कुलकुलं, नारळाच्या दुधा-गुळाचं दोदोल, आणि रवा-ओल्या खोबऱ्याची बोलिन्हा. तिचं पीठ रात्रभर ठेवतात, रवा फुगावा म्हणून. ज्याने ते ठेवलं नाही त्याची दाताखाली कचकचते. चवथीला-दिवाळीला इकडून गेलेल्या ताटाची ही परतफेड कुणी मोजत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात दोन्ही घरांतल्या बायकांना मागच्या वर्षी काय आलं ते तोंडपाठ असतं.

वाटपाचा एक नियम कुठेच लिहिलेला नाही. अख्ख्या बाहेर, तुटक्या घरात. मुलांना दिवाळी संपेपर्यंत अख्खी नानकटाई दिसत नाही आणि तुटक्यांचीच चव जास्त असते हे त्यांना पटवलेलं असतं. तुटक्या चहाबरोबर संपतात. चहात बुडवू नये, ती तळाशी जाते. बुडवणारच असाल तर चमचा घेऊन बसा.