बर्फाचं बुकिंग

"वहिनी, फेब्रुवारीत सगळे इकडे या. स्कीइंगला जाऊ," असं धाकट्या दिराने मालागाहून फोनवर सांगितलं, तेव्हा सासूबाई शेंगदाणे निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "स्पेनमध्ये कुठला आलाय बर्फ? तिथे तर सगळे समुद्रावर उताणे पडलेले असतात."

शंका रास्त होती. दीर-जाऊ राहतात ते मालागा अगदी समुद्रकाठी. पण तिथून गाडीने दीडेक तासावर ग्रानादा शहर, आणि शहराच्या डोक्यावर सिएरा नेवादा. सिएरा म्हणजे करवत, करवतीच्या दात्यांसारखी डोंगररांग. नेवादा म्हणजे बर्फ पडलेली. दीर म्हणाला, युरोपातल्या मोठ्या स्की केंद्रांमध्ये दक्षिणेला याच्या पलीकडे कोणी नाही. प्रादोयानो नावाच्या गावातून २१०० मीटरवर तारेवरचे पाळणे सुटतात आणि ३३०० मीटरपर्यंत नेतात. मला मीटर कळत नाहीत, मला कळसूबाई कळते. ती १६४६. म्हणजे कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवायची, वर जायचं, आणि तिथून पायाला दोन फळ्या बांधून खाली यायचं. तेही मी, जिला पर्वतीच्या पायऱ्या उतरतानासुद्धा कठडा लागतो.

तरीही हो म्हटलं. सहलीला हो म्हणायला काही लागत नाही, लागतं ते पुढे.

पुढे म्हणजे तारखा. दिराच्या मुलांना सुट्टी फेब्रुवारीच्या शेवटी. २८ फेब्रुवारी हा आंदालुसिया प्रांताचा दिवस, आपल्या १ मेसारखा. त्याला धरून तिकडच्या शाळा आठवडाभर बंद असतात. तिला म्हणतातच मुळी 'सेमाना ब्लांका', पांढरा आठवडा. आणि सगळी मालागा त्याच आठवड्यात पांढरी व्हायला वर जाते, त्यामुळे खोल्यांचे भाव गणपतीतल्या कोकणच्या गाड्यांसारखे. दोन आठवडे अलीकडे जावं, तर दिराच्या मुलांची शाळा. पलीकडे जावं, तर आमच्या लेकीची नववीची परीक्षा जवळ येते आणि सरांसमोर रजेचा अर्ज घेऊन मलाच उभं राहावं लागणार. ईस्टरच्या सुट्टीत पाहावं, तर तेव्हा बर्फ कसा असेल ते कोण सांगणार? शेवटी पांढरा आठवडाच ठरला. नवऱ्याने एक्सेलची शीट उघडली आणि घरात वातावरण अर्थसंकल्पाचं झालं.

त्या शीटमध्ये एक रकाना अल्हाम्ब्राचा, म्हणजे ग्रानादातल्या जुन्या महालांच्या किल्ल्याचा. ग्रानादापर्यंत जायचं आणि अल्हाम्ब्रा न बघता परत यायचं, हे मला मंजूर नव्हतं. तर तिथल्या नासरी सुलतानांच्या महालांचं तिकीट आधी काढावं लागतं, त्यावर नाव असतं, आणि आत शिरायची वेळसुद्धा नेमून दिलेली असते. ती चुकली की चुकली. म्हणजे साडेसहाशे वर्षं जागेवर उभा असलेला महाल मिनिटावर बुक करायचा, आणि ज्याच्यासाठी एवढा घाट घातला तो बर्फ मात्र येईल तेव्हा येणार. "बर्फाचं बुकिंग नसतं गं वहिनी," दीर म्हणाला. वर त्याने जी गोष्ट सांगितली, ती ऐकून नवऱ्याने शीटमध्ये 'बर्फ' या रकान्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. १९९५ साली इथे स्कीइंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ठरलेली होती. जगभरचे खेळाडू, पंच, टीव्हीवाले, सगळं ठरलेलं. बर्फच पडला नाही. स्पर्धा अख्खं एक वर्ष पुढे ढकलली, १९९६ साली झाली. हे ऐकल्यावर मला उलट हायसं वाटलं. एवढ्या मोठ्या लोकांची फजिती झाली, तिथे आपली एक्सेल शीट काय चीज आहे!

आता बर्फाच्या तोफा असतात म्हणे. बारीक पाण्याचा फवारा थंड हवेत उडवायचा, तो खाली पडेपर्यंत गोठतो. पण त्यालाही पारा शून्याच्या खाली उतरायला हवा आणि हवा कोरडी हवी. म्हणजे तोफ असली तरी थंडीची वाट बघणं आहेच. शिवाय सहारा वाळवंट फार लांब नाही. तिथली धूळ वाऱ्याबरोबर येते. २०२२ च्या मार्चमध्ये ती इतकी आली की पांढरे उतार पार तपकिरी होऊन गेले. लेकीने ते फोटो शोधून काढले. थेट कोल्ड कॉफी.

मग आला बूट भाड्याने घेण्याचा अर्ज. सगळ्या सहलीत मला कशाने जेरीस आणलं असेल तर या अर्जाने. स्कीच्या बुटाचं माप आपल्या सहा-सात नंबरात नसतं. पाऊल किती सेंटिमीटर लांब, तेवढाच त्याचा आकडा. लेकीने मला भिंतीला टाच टेकवून फरशीवर उभं केलं, अंगठ्यापुढे कंपासपेटीतली पट्टी आडवी ठेवली आणि पेन्सिलने रेघ मारली. साडेचोवीस. पन्नाशीला आल्यावर स्वतःच्या पावलाचं माप पहिल्यांदा कळलं. फरशीवरची ती रेघ मी अजून पुसलेली नाही, मावशी पुसायला लागल्या तर लेक ओरडते.

पुढचा प्रश्न वजनाचा. मी चार किलो कमी लिहिले. कोण तपासायला येतंय? संध्याकाळी अर्ज बघून दिराचा फोन. "वहिनी, हे खरं वजन आहे?" मी म्हटलं, "साधारण." तो हसला नाही. म्हणाला, बूट फळीला ज्या कळीने अडकतो, ती किती घट्ट करायची ते वजन, उंची, वय आणि माणसाला कितपत येतं यावर ठरतं. पडल्यावर ती वेळेत सुटायला हवी. घट्ट राहिली तर फळी सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो. सैल राहिली तर काही कारण नसताना मध्येच सुटते आणि तू उताराच्या मधोमध एका फळीवर. मी मुकाट्याने चार किलो परत घातले. एवढ्या चटकन वजन वाढल्याचा अनुभव मला दिवाळीतही नाही. 'कितपत येतं' या प्रश्नाला अर्जात तीन पर्याय होते, सगळ्यात खालच्यावर टिचकी मारताना मात्र हात अडला नाही.

विम्याचंही तसंच. शेंगेन व्हिसाला निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो काढला. छान पीडीएफ आलं. नवऱ्याने सवयीप्रमाणे बारीक अक्षरं वाचली, तर साहसी खेळ वगळलेले. म्हणजे मी अल्हाम्ब्राच्या पायरीवरून पडले तर पैसे मिळतील, ज्या कामासाठी जातेय ते करताना पडले तर नाही. वेगळा हप्ता भरून स्कीइंग घालून घेतलं.

सासूबाईंचं येणं ठरत नव्हतं. "मी काय करू त्या बर्फात? फ्रीज आहे की घरी." पण स्की न करणाऱ्यांनाही बंदिस्त पाळण्यातून बोरेगिलेसपर्यंत वर जाता येतं. बोरेगिलेस म्हणजे खरं तर तिथली उंचावरची ओली कुरणं. बोरेगो म्हणजे मेंढीचं कोकरू. उन्हाळ्यात चराई, हिवाळ्यात नवशिक्यांची घसरगुंडी. याच डोंगरातून पूर्वी माणसं उन्हाळ्यात खेचरांवर बर्फ लादून रात्रीच्या रात्री ग्रानादाला पोचवायची, वितळायच्या आत. बर्फाचे कारखाने निघाले आणि तो धंदा बसला. त्यांची वाट आहे अजून, लोक तिच्यावरून फिरायला जातात. ही गोष्ट सासूबाईंना आवडली. पण त्यांनी खरा होकार दिला तो भलत्याच कारणाने.

जावेने व्हिडिओ कॉलवर एक फळ दाखवलं. हिरवं, गुळगुळीत, डोळे नुसते कोरल्यासारखे. मधोमध कापलं तर आत पांढरा गर आणि काळ्या बिया. "आई, ओळखा." "सीताफळ," सासूबाई म्हणाल्या. "पण फेब्रुवारीत कुठलं? सासवडचं तर दिवाळीपर्यंत संपतं." ते चिरिमोया. सीताफळाचं सख्खं भावंड. सिएरा नेवादाच्या पलीकडच्या उतारावरून खाली उतरलं की मोत्रिल, अल्मुन्येकारची किनारपट्टी. बर्फाचा डोंगर उत्तरेचा गार वारा अडवतो, म्हणून तिथे सीताफळाच्या या भावाच्या बागा आहेत, आंबासुद्धा होतो. वर बर्फ आणि खाली आंबा, असं म्हटल्यावर सासूबाईंनी शेंगदाणे निवडायचं सूप बाजूला ठेवलं आणि पासपोर्ट कुठल्या डब्यात आहे ते सांगितलं. रव्याच्या.

आता सगळं झालंय. व्हिसा आला, थर्मल आले, लेकीने दोन महिने आधीच हातमोजे घालून जेवून बघितलं. राहिलाय तो बर्फ. बोरेगिलेसवर एक कॅमेरा लावलेला आहे, त्याचं चित्र फोनवर दिसतं. तिथे सकाळी नऊला पाळणे सुरू होतात, तेव्हा आपल्याकडे दुपारचे दीड. मी ऑफिसात असते. हे खातं आपोआप सासूबाईंकडे गेलं. जेवण झालं की त्या फोन चष्म्याजवळ धरून बसतात आणि मग कुटुंबाच्या ग्रुपवर आवाजी निरोप येतो. सोमवारी: "मधे मधे दगड दिसतायत." बुधवारी: "ढग आलेत, पण नुसतेच." काल: "रात्रीत पडलाय गं, खांब अर्ध्यापर्यंत पांढरे झालेत." मीटिंगमध्ये होते, तरी ऐकलं.

आजचा निरोप दीड वाजून चार मिनिटांनी आला. "बर्फ भरपूर आहे. पण वारा सुटलाय, पाळणे बंद ठेवलेत. रिकाम्या खुर्च्या नुसत्या हलतायत. त्या पोरांना फोन करून सांग, आज वर जाऊ नका म्हणावं."