रविवारच्या कवडीपाटाची तयारी

गुरुवार, रात्री

रविवारी आमच्या गटाला घेऊन कवडीपाटला, म्हणजे पुण्याजवळच्या नदीकाठी, पक्षी बघायला जायचंय. जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, त्यामुळे हडपसरहून साडेसहाला निघालं तरी उन्हं यायच्या आत नदीवर पोचता येतं.

गे आणि लेस्बियन मंडळींच्या गटाला पक्षीनिरीक्षणच का, असं नवीन येणारे हमखास विचारतात. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की घरी खोटं बोलावं लागत नाही. ज्यांच्या घरी अजून काहीच माहीत नाही, त्यांनाही "पक्षी बघायला चाललोय" असं सांगता येतं आणि ते अक्षरशः खरं असतं. शिवाय अनोळखी माणसासमोर खुर्ची टाकून बसलं की काय बोलायचं हा प्रश्न पडतो. इथे दोघंही नदीकडे तोंड करून उभे असतात. बोलणं निघालं तर निघालं, नाही तर कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

ब्रिटनमध्ये गे बर्डर्स क्लब १९९० च्या दशकात उभा राहिला तेव्हा तिथे कलम २८ लागू होतं. समलिंगी संबंधांचा 'प्रसार' करायला स्थानिक प्रशासनांना १९८८ पासून मनाई होती, इंग्लंडमध्ये ती २००३ पर्यंत टिकली. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना दंडविधानाच्या कलम ३७७ मधून मोकळं केलं. घरं आणि ऑफिसं मात्र निकालाच्या तारखेला बदलत नाहीत. म्हणून पक्ष्यांइतकीच काळजी माणसांच्या नावांची घ्यायची.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला की सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करावी, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा जातो. फक्त एक लक्षात ठेवायचं, ज्याने आपला नंबर सेव्ह केला नाही त्याला निरोप पोचत नाही आणि तो बिचारा वाट बघत राहतो. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, दिसलेल्या पक्ष्यांची यादी टाकताना दुसऱ्यांशी शेअर केली की त्यांची नावंही यादीवर झळकतात. त्याची गरजच नाही. निरीक्षकांची नुसती संख्या लिहिली की नोंदीला तेवढं पुरतं. ज्याला स्वतःची यादी हवी, त्याने सेटिंगमध्ये नाव लपवावं. यादी नदीवरून निघाल्यावर टाकावी, तिथे उभं राहून नाही. फोटो पक्ष्यांचे कितीही काढा. माणसांचा फोटो विचारल्याशिवाय नाही, पाठमोरासुद्धा नाही. बॅग आणि टोपीवरूनही माणूस ओळखू येतो.

दुर्बिणीवर पहिली वीस मिनिटं गेली तरी चालतील, घाई करू नये. ८ × ४२ ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, बरी. दहा पटीची घेतली की हात थरथरतो, दृश्याचा गोल लहान होतो आणि नवख्याला पक्षी सापडतच नाही. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप आत फिरवून बसवायचे, नसेल तर बाहेर काढायचे. मग दोन नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेपर्यंत आणायच्या. उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करायचं. मग डावी झाकायची आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्यापाशी असलेली कडी फिरवायची. बहुतेकांच्या दुर्बिणीत ही कडी कधी हललेलीच नसते, म्हणून डोकं दुखतं आणि "मला काही दिसत नाही" म्हणून माणूस गप्प मागे राहतो. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांशी आणायची. मान खाली घालून दुर्बीण शोधली की पक्षी हरवला.

बारापेक्षा जास्त माणसं नकोत. पुढे पक्षी ओळखणारा एक, सगळ्यात मागे रेंगाळणाऱ्यांना सांभाळणारा एक. नवीन माणसाला पहिल्यापासून एक जोडीदार द्यायचा, आणि त्याने फक्त पक्ष्यांबद्दल बोलायचं. नोकरी, घर, लग्न हे प्रश्न आपण होऊन विचारायचे नाहीत.

सूर्य पाठीशी ठेवून उभं राहायचं, नाही तर पाण्यावरची सगळी बदकं काळ्या आकृत्या दिसतात. चक्रवाक आधी दाखवावेत: केशरी अंग, फिकट डोकं, मोठे, पटकन सापडतात. नराच्या गळ्यात विणीच्या हंगामात बारीक काळी पट्टी येते. रात्री नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांना साद घालणारी जुन्या काव्यांतली जोडी ती हीच, हे सांगितलं की पुढचा अर्धा तास कुणी जागचं हलत नाही. मग शेकाट्या. लांब गुलाबी पाय सगळ्यांनाच दिसतात, पण नराची पाठ काळी कुळकुळीत आणि मादीची तपकिरी असते, ते शांतपणे बघायला लावावं. पाण्याला वास येतो, फेस असतो, प्लास्टिक अडकलेलं असतं. शहराचं सांडपाणी खाली येतं. हे आधीच सांगून ठेवावं आणि जुने बूट घालून यायला सांगावं.

गावातलं कुणीतरी "कुठल्या संस्थेचे?" विचारतं. "पक्षी बघायला आलोय" म्हणायचं आणि दुर्बीण त्यांच्या हातात द्यायची. बहुतेक वेळा तेच मग नदी सुरय पक्षी कुठे बसतात ते दाखवतात.

नदीकाठी स्वच्छतागृह धरून चालू नये. सोलापूर रस्त्यावरच्या हॉटेलात जाताना थांबायचं आणि परतताना तिथेच चहा घेत यादी मोठ्याने वाचायची. प्रत्येकाने एक तरी पक्षी स्वतः सांगायचा. सकाळभर गप्प असलेली माणसं इथे बोलायला लागतात, म्हणून या चहाला निदान पाऊण तास ठेवायलाच हवा. उद्या हॉटेलवाल्याला फोन करून बारा माणसांचं सांगायचं आहे.