ताण

एमपीएससीची पुस्तकं परवा माळ्यावरून खाली काढली. सहा वर्षं पुण्यात, दोनदा मुख्य परीक्षा, मुलाखत एकदाही नाही. खुल्या गटाची वयोमर्यादा ३८, मी ३४ चा. म्हणजे अजून चार वर्षं स्वतःला फसवता आलं असतं.

वरूडजवळच्या आमच्या संत्राबागेत सध्या मृग बहाराचा ताण सुरू आहे. उन्हाळ्यात ओलित बंद करायचं, पानं मलूल होऊ द्यायची, मग पावसावर झाड फुलतं. भारी काळ्या जमिनीत ताण लवकर बसत नाही. हलक्या जमिनीत जास्त दिवस दिला तर झाडच हातचं जातं. किती दिवस, हे बाबा पान मुठीत दाबून सांगतात. मला अजून कळत नाही.

गावात सगळे 'साहेब' म्हणायचे, ते टोचायचं. आता पानठेलेवाला उधारी मागतानाही 'साहेब'च म्हणतो.

आईला मात्र सांगवत नव्हतं. काल भाकरी थापता थापता तीच म्हणाली, "देऊन टाक ना बाप्पा ते पुस्तकं कोनाले. उंदरं कुरतडून राह्यले."

दोन पोती भरली. भूगोलाचं एक ठेवलं.