४४.१ की ४८

हिरवा पट्टा नाचतोय. मस्त नाचतोय, वर जातोय खाली येतोय, मध्येच पिवळ्यात शिरतोय, म्हंजे लॅपटॉपच्या मते गाणं जोरात चालू आहे. आणि माझ्या कानातल्या हेडफोनमध्ये शुकशुकाट. लग्नाच्या वरातीपुढे लोकं बेफाम नाचताहेत आणि बँडवाले हातातलं वाजवायचं सोडून नुसते उभे आहेत असं काहीतरी.

वैशाखातली दुपार, अडीचचा सुमार, अमळनेर. आखाजी, म्हंजे आमच्या खान्देशातली अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर. कूलर बंद, पंखा बंद, कारण सकाळी रेकॉर्डिंग केलं तेव्हा बंद केलेला पंखा मी नंतर लावायचाच विसरलो होतो. खिडकीला दोन गोधड्या टांगलेल्या, दाराला एक, भिंतीवर घुमणारा आवाज दाबायला. स्टुडिओत लोकं महागडा फोम लावतात, आमच्याकडे मायच्या हातच्या गोधड्या आहेत आणि खरं सांगायचं तर कामही बरं करतात, फक्त आत बसलेल्या माणसाचं भरीत होतं.

झालं असं की बरीच वर्षं मनात होतं की मायच्या आखाजीच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग करून ठेवायचं. गौराईची, झोक्यावरची. तिला माईकसमोर बसवलं की ती गप्प होते किंवा मग एकदम रेडिओवरच्या निवेदिकेसारखं शुद्ध बोलायला लागते. या वेळी मी हुशारी केली, सकाळी सहा वाजता ती तांदूळ निवडत बसलेली असताना माईक बाजूला ठेवून दिला आणि म्हटलं तू तुझं कर. तीन गाणी मिळाली. दोनात मालगाडीचा भोंगा आहे, आमच्याकडे सुरत-भुसावळ लाईन असल्याने त्याला इलाज नाही, तिसरं मात्र स्वच्छ. आणि दुपारी ते ऐकायला बसलो तर हे.

आवाज येत नसला की माणूस आधी काय करतो? हॅलो म्हणतो. मी पण माईक चालू करून, नवीन ट्रॅकवर, हॅलो हॅलो एक दोन तीन असं रेकॉर्ड केलं आणि ते लावून बघितलं. पट्टा नाचला. आवाज नाही. परत केलं. माईक टेस्ट करणारा एकही माणूस मी आजपर्यंत चारपर्यंत गेलेला बघितला नाही. एक दोन तीन, परत एक दोन तीन. चार म्हटलं की काय होईल, अँप्लिफायर जळेल? मी मुद्दाम एकदा चार म्हणून बघितलं, विचित्र वाटलं, परत तिनावर आलो.

मग सुरू झाला तो कार्यक्रम जो घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाने केलेला आहे. वायर काढली, घातली. यूएसबीचं भोक बदललं. साऊंड कार्डवरचं, म्हंजे माईक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीवरचं, हेडफोनचं बटण शून्यावर तर नाही ना हे चार वेळा बघितलं (एकदा होतं, मागच्या वर्षी, एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली होती, तेव्हापासून ते बटण मी कुलदैवतासारखं आधी बघतो). चार्जर काढला, कारण मित्र म्हणतो काहीही झालं तरी आधी चार्जर काढ. त्याचं म्हणणं खोटं नाही, चार्जर लावला की मागे जो घूंऽऽ असा आवाज येतो तो आपल्या लाईटचाच असतो, ५० हर्ट्झचा, आणि अर्थिंग धड नसलं की जास्तच. मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो म्हणून तो मित्र त्यात बादलीभर पाणी ओततो आणि मग गाणं रेकॉर्ड करतो, शेजारच्यांना वाटतं पूजा करतोय. पण माझ्याकडे घूं पण येत नव्हतं. घूं आलं असतं तरी बरं वाटलं असतं, काहीतरी जिवंत आहे असं.

कॉम्प्युटरमध्ये स्वतःचा एक डॉक्टर असतो, आपण त्याला विचारलं की तो थोडा वेळ गोल गोल फिरतो आणि सांगतो की काही दोष आढळला नाही. सरकारी दवाखान्यात नाडी न बघता गोळ्या देतात, हा तर गोळ्याही देत नाही.

मग बफर, आवाज पुढे जाण्याआधी थोडा साठवायची जागा. बफरचं मला आता बरोबर कळलंय, ती आपली गच्चीवरची टाकी. नळाला पाणी काही अखंड येत नाही, म्हणून मध्ये टाकी लागते. टाकी फार लहान ठेवली, १२८ सॅम्पल, म्हंजे आवाजाचे तुकडे, वगैरे, की प्रोसेसर दुसऱ्या कामात गुंतला की ती कोरडी पडते आणि आवाज तडतडतो, कढईत लाह्या फुटल्यासारखा. मोठी ठेवली की तडतड जाते पण पाणी उशिरा पोचतं, ५१२ ला साधारण १२ मिलीसेकंद, १०२४ ला २३, आणि गाताना स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये मागून आला की माणूस स्वतःवर चिडतो. मी १२८ करून बघितलं, १०२४ करून बघितलं. पण टाकी कितीही मोठी करा, पाणी जर शेजारच्याच्या अंगणात पडत असेल तर काय उपयोग. हे मला तेव्हा सुचलं नाही, आत्ता लिहिताना सुचलंय.

आमच्या गावाला, म्हंजे पारोळ्याकडच्या, लग्नात जो भोंगेवाला यायचा त्याला हे तेव्हाच सुचलं असतं. तो सायकलच्या कॅरिअरला अँप्लिफायर बांधून यायचा, भोंगा खांद्यावर, आणि आम्ही पोरं त्याच्या मागे गावाच्या वेशीपासून. भोंगा लिंबाच्या झाडावर बांधायचा तर झाडावर चढायचा मान कोणाला यावरून आमची मारामारी व्हायची. वायर दाताने सोलायचा. दाताने! मी घरी येऊन सुतळी दाताने सोलून बघायचो. सगळं जोडून झालं की तो अँप्लिफायरच्या पुढे उकिडवा बसायचा, लाल दिवा लागायचा, आणि बहुतेक वेळा आवाज यायचाच नाही. मग अख्खं लग्नघर इंजिनिअर. कोणी म्हणे थाप मार, कोणी म्हणे बॅटरी उतरेल व्हई, नवरदेवाचा मामा म्हणे मी सांगेल होतं दुसरा भोंगेवाला बोलवा. तो कोणाला उत्तर द्यायचा नाही. उठायचा, लिंबापाशी जायचा आणि भोंग्यापासून सुरुवात करून वायर बोटांतून सरकवत सरकवत परत यायचा, मांडवातून, चुलीजवळून, बायकांच्या पंगतीतून, बायका पदर सावरून बाजूला सरकायच्या. कुठंतरी थांबायचा, चिमटीत धरून वायर पिळायचा आणि त्या क्षणी झाडावरून एकदम सनई अशी अंगावर यायची की कुत्री पळायची. एकदा मी त्याला विचारलं होतं तुम्हाला कसं कळतं. तर म्हणाला, "आवाज कोठे जास नही रे भाऊ, कोठेतरी अडकेल ऱ्हास."

मी पण वायर सरकवत होतो पण माझी वायर दिसत नव्हती. दिसली असती तर बायकांच्या पंगतीतूनच गेली असती.

तर बफर झालं, राहिला सॅम्पल रेट. हा माझा जुना राग आहे. ४४१०० आणि ४८०००. एक सेकंदाच्या आवाजाचे किती तुकडे करायचे त्याचे हे आकडे, एक सीडीचा आणि एक व्हिडिओवाल्यांचा, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूने यातला वेगळा धरलेला असतो. खान्देशातल्या माणसाला हे ४४.१ आणि ४८ असे दिसले की तो आधी पेपरातलं तापमान समजतो. ४४ म्हंजे आपला नेहमीचा मे, ४८ म्हंजे भुसावळकर पण डोक्याला रुमाल बांधेल. पण हजारांतला सरळ आकडा सोडून मधलाच ४४१०० कुठून आणला, याचं मी एकदा शोधून वाचलं होतं आणि ते मला फार आवडलं. सीडी १९८२ साली आली, पण त्याच्या आधी डिजिटल आवाज साठवायला जागा नव्हती तर तो व्हिडिओच्या टेपवर ठेवायचे, चित्राच्या ओळींमध्ये बसवून. एका ओळीत तीन तुकडे. सेकंदाला ५० वेळा चित्र भरणाऱ्या देशांत २९४ ओळी वापरल्या आणि ६० वेळा भरणाऱ्या देशांत २४५. गुणाकार करून बघा, ५० गुणिले २९४ गुणिले ३ आणि ६० गुणिले २४५ गुणिले ३. दोन्हीकडे ४४१००. दोन भावांनी वेगवेगळ्या मापाने ज्वारी मोजावी आणि पोती सारखीच भरावीत. मी त्या दिवशी जेवताना हे घरात सांगितलं तर कोणी मान वर केली नाही.

असो. मी ऑडॅसिटी नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे आणि मला पुरतं. त्यात ट्रॅकच्या नावावर क्लिक केलं की एक यादी उघडते, तिच्यात रेट असतो. मी ४४१०० चं ४८००० केलं. हे करायचं नसतं. ते साऊंड कार्डचं सेटिंग नाहीच, ते त्या ट्रॅकलाच सांगणं झालं की तुझे तुकडे जरा भरभर वाढ. प्रोजेक्टचा रेट वेगळा, ट्रॅकचा वेगळा, हे मला माहीत आहे, दहा जणांना मी हे समजावलंय. पण उकाड्यात माणसाचा हात कुठेही जातो. बदलून परत प्ले केलं. पट्टा नाचला. परत प्ले. परत. तो सगळा दीड तासच परत परतचा होता.

मग दाराची गोधडी हलली आणि माय आत आली. हातात उलथणं. तिचे ओठ हलत होते, मी हेडफोन काढला.

"कारे भाऊ, कोनले हॅलो हॅलो करी ऱ्हायना?"

मी म्हटलं तुला कसं ऐकू आलं, दार तर बंद आहे. ती म्हणे मघापासून ओ देतेय मी, तुझ्या कानाला काय झालंय. आणि मग जरा थांबून, मागे स्वयंपाकघराकडे मान करून, अगदी साधं, दूधवाला आलाय हे सांगतात तसं म्हणाली,

"आनि बेबी गाई ऱ्हायनी."

स्वयंपाकघरात फडताळावर, तिखटाच्या डब्याशेजारी, दिवाळीत घेतलेला तो छोटा ब्लूटूथ स्पीकर. दुपारी कामं उरकताना ती त्याच्यावर कीर्तन ऐकते, बटण दाबलं की तो तिच्या मोबाईलला चिकटतो. त्या दिवशी मोबाईल भाच्याने नेला होता बाहेर, तर तो माझ्या लॅपटॉपला चिकटला, दिवाळीत मीच ओळख करून दिलेली. लॅपटॉपला नवीन पाहुणा मिळाल्याबरोबर त्याने सगळा आवाज तिकडे वळवला आणि माझ्या ऑडॅसिटीत प्लेबॅकच्या जागी साऊंड कार्डचं नाव नव्हतंच, तिथे साऊंड मॅपर होतं, म्हंजे मोठ्या घराचा मुनीम, जो मालक म्हणेल त्याला माल देणार. मी ते नाव वाचलंच नव्हतं. भोंग्यापासून सुरुवात करायला हवी होती, मी अँप्लिफायरपासून केली.

स्पीकरवर गाणं चालूच होतं. तिसरं, बिनमालगाडीचं. नऊ टक्के भरभर आणि पेटीवर मोजलं तर साधारण दीड पट्टी वर. तसं पण रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज सहसा आपला वाटत नाही, रोज आपण तो हाडांतून ऐकत असतो, बाहेरून आला की पातळ लागतो. त्यात माझी ही करामत. मायचा सासष्ट वर्षांचा आवाज चाळीसचा झाला होता, धारदार, जरा घाईत, पुढची ओळ कोणी पळवून नेईल अशा घाईत.

बेबीमावशी तशीच गायची. आखाजीला दोघी बहिणी माहेरी यायच्या तेव्हा लिंबाला एकच झोका, माय उभी राहून झोका चढवायची आणि मावशी बसून गायची, मायच्या दोन ओळींत तिच्या तीन व्हायच्या, आणि मग माय वरून ओरडायची हळू म्हण. आम्ही खाली सांजोऱ्या खात बसलेलो. मावशीला जाऊन अकरा वर्षं झाली. तिचा आवाज कुठेच नाहीये, ना फोनमध्ये ना कॅसेटवर.

मी मायला सांगितलं, हा तुझाच आहे, सकाळचा, माझ्याकडून वेग बदलला गेला. ती म्हणाली चल. मी लॅपटॉप उचलून ओट्यावर आणला, पिठाच्या डब्याच्या बाजूला जागा करून, आणि ट्रॅक परत ४४१०० वर नेऊन लावला. तिने ऐकलं. मधला खोकला ओळखला, तांदळाच्या ताटाचा आवाज ओळखला.

"हाई तं मी शे," म्हणाली. जरा नाराजच. पोळी उलटली.

मग म्हणाली, "मांगलं लाव ना ते."

मी ४८००० केलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. एका ठिकाणी, दुसऱ्या कडव्याच्या शेवटी, तोंडातल्या तोंडात "हळू म्हन" असं काहीतरी म्हणाली. तव्यावरची पोळी करपायला लागली तरी हलली नाही, गॅस मीच बंद केला.