अकरा विजय, दोन पराभव आणि एक बादली

ब्लूमिंग्टन, इंडियाना
शनिवार, २१ डिसेंबर २०२४

रात्री नीट झोप लागली नाही. काल साउथ बेंडला अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात नोटर डेम विद्यापीठानं आम्हाला, म्हणजे इंडियाना विद्यापीठाला, २७-१७ असं हरवलं. आकडा बघून कुणाला वाटेल, चुरस झाली असेल. कसली चुरस! शेवटच्या दीड मिनिटापर्यंत २७-३ होतं. नंतरचे दोन टचडाऊन (चेंडू गोलरेषेपार नेणं) अब्रू झाकण्यापुरते. सामना हातचा गेला पहिल्याच क्वार्टरमध्ये. आमच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास फेकणाऱ्या रूर्कचा, पास त्यांच्या गोलरेषेजवळ त्यांनीच झेलला आणि लगेच त्यांचा जेरेमाया लव्ह ९८ यार्ड पळत सुटला. मैदान शंभर यार्डांचं.

‘आम्हाला’ लिहून गेलो खरा. ऑगस्टमध्ये इथं एमएसला आलो तेव्हा या खेळाला फुटबॉल म्हणायलाही जीभ वळत नव्हती. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढलेल्या माणसानं चेंडू काखोटीला मारून पळणाऱ्यांना फुटबॉलवाले म्हणायचं? दादाला पहिल्यांदा व्हिडिओ पाठवला तर त्याचं उत्तर आलं, “पाय कुठाय रं ह्यात?”

नाद लावला तो घरमालकांनी. सत्तरी ओलांडलेत, पण सीझन तिकीट सोडलेलं नाही. गाव बास्केटबॉलचं, फुटबॉलमध्ये वरच्या गटात इंडियानाइतके सामने हरलेलं दुसरं विद्यापीठ नाही, हे ते जवळपास अभिमानानं सांगायचे. गेल्या वर्षी ३ विजय, ९ पराभव. मग नवे कोच आले, कर्ट सिग्नेटी. जुन्या विद्यापीठातली तेराएक पोरं सोबत घेऊनच आले. क्वार्टरबॅक रूर्क मूळचा कॅनडाचा, तोही दुसरीकडून आलेला. म्हणजे टीममधले बरेचजण माझ्यासारखेच, यंदाच गावात उतरलेले. मला बरं वाटायचं ते बहुधा याचंच.

पण पेठेतला माणूस कुरकुरतोच. आमच्याकडं फुटबॉल तालमींचा, आणि पाटाकडील तालीम म्हणजे पाटाकडील. बाप ज्या तालमीचा, पोरगा त्याच तालमीचा. इथं एका वर्षापुरती माणसं गोळा करायची आणि त्यांच्यासाठी घसा फोडायचा. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, “आता आपल्याकडंबी भायरनं खेळाडू आणत्यातच की.” गप्प बसलो.

९ नोव्हेंबरला मिशिगनला २०-१५ नं हरवलं, तो दिवस मात्र विसरायचा नाही. सलग दहावा विजय. एका हंगामात दहा सामने विद्यापीठानं यापूर्वी कधीच जिंकले नव्हते. सामना संपल्यावर पोरं नाचत होती आणि घरमालक खुर्चीवर तसेच बसून होते. मला वाटलं, तब्येत बिघडली. ते म्हणाले, “जरा थांब. बघू दे.”

पुढं ओहायो स्टेटनं ३८-१५ असं जमिनीवर आणलं. त्याबद्दल लिहायची इच्छा नाही.

परड्यू विद्यापीठाला मात्र ६६-० धुतलं. या दोघांच्या सामन्यात १९२५ पासून ट्रॉफी काय, तर ओकच्या लाकडाची जुनी बादली! जिंकणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर तिच्या साखळीत ओवतात. चांदीच्या कपापेक्षा मला ही बादली जास्त आपली वाटली. आमच्याकडं असती तर पेठेतनं ट्रॅक्टरवर मिरवली असती.

देशाचा विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये यंदापासून चाराऐवजी बारा संघ घेतात, म्हणून आम्ही कालच्या सामन्यापर्यंत पोचलो. टीव्हीवरचे पंडित काल रात्रीच म्हणाले, यांची जागा नव्हतीच. असेल बाबा. पण अकरा सामने कुणी देणगी म्हणून दिले नव्हते.

सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना घरमालक भेटले. कालचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. थोड्या वेळानं म्हणाले, “पुढच्या वर्षी शेजारची खुर्ची रिकामी होतेय. घेतोस?” रूर्क तर आता जाणार, कोण कोण राहील देव जाणे. मी म्हटलं, घेतो, भाड्यात धरा.

ते म्हणाले, “वेगळे दे.”