ग्लुकोमीटरवरचा 48

मेडिकलवाल्या पोराने धावत येऊन बाबांच्या बोटाला सुई टोचली आणि ग्लुकोमीटरवर 48 आकडा दिसला, तेव्हा मला हायसं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं. संत्र्यांचा ठेला आडवा पडलेला, ठेलेवाली बाई पाय धरून विव्हळतेय, आणि मी मनात म्हणतेय, चला, शुगर डाउन होती. म्हणजे बाबांची चूक नाही.

नोव्हेंबरातली सकाळ होती. बाबा 77 वर्षांचे. शुगर कमी करणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि नाश्ता न करताच वॅगन-आर काढली. नागपुरातल्याच खामल्यातून भाजी आणायची, "दहा मिनिटांत येतो." मग वाटेत बँक आठवली, तिथे तासभर लाइन. गोळीने आपलं काम चोख केलं, पोटात मात्र काहीच नव्हतं. परतताना त्रिमूर्तीनगरच्या आतल्या रस्त्यावर गाडी हळूहळू डावीकडे सरकत गेली, म्हणे. ब्रेक लागलाच नाही. बाबांना मेडिकलचा हिरवा बोर्ड आठवतो, आणि त्यानंतर एकदम काचेवर थापा मारणारे लोक.

वकिलांनीही आधी तेच सांगितलं, शुगरचा कागद जपून ठेवा. भारतीय न्याय संहितेचं कलम 281, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं, आणि 125, म्हणजे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं, लागलं होतं. बाईचा जीव गेला असता तर 106, म्हणजे पाच वर्षांपर्यंत कैद. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "याआधी कधी असं झालं होतं?"

मी गप्प. बाबाही गप्प.

"मग हा कागद दुधारी आहे ताई. पहिल्यांदाच चक्कर आली असेल तर माणूस काय करणार? पण येते हे माहीत असून स्टिअरिंगवर बसला, तर तो निष्काळजीपणाच की."

माहीत होतं. 2021 च्या दिवाळीत त्यांनी गाडी फाटकाच्या खांबाला घासली होती. घामाने चिंब, हात थरथरत. अनारसा खाल्ला, दहा मिनिटांत ठीक. आम्ही हसलोसुद्धा. दुसऱ्यांदा एका लग्नात, हात धुवायच्या रांगेत.

आता खरी गोष्ट. पंचावन्नच्या पुढे लायसन्स दर वेळी पाचच वर्षांसाठी मिळतं. वरची वयोमर्यादा कायद्यात नाहीच. 2022 मध्ये बाबांचं नूतनीकरण मीच ऑनलाइन केलं. फॉर्ममध्ये तुम्हीच तुमच्याबद्दल सांगायचं असतं: 25 मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, फिट येणं किंवा अचानक शुद्ध हरपणं, चक्कर असं काही होतं का. मी बाबांना विचारलंही नाही. चहा पिता पिता "नाही"वर क्लिक केलं. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटचा फॉर्म 1-अ वेगळा असतो, तो एका दवाखान्यातून आणला. "काका, तब्येत बरी ना?" एवढीच तपासणी, आणि शिक्का.

बाबांचं मन मोडू नये म्हणून तसं केलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं. त्यांची गाडी माझ्या सोयीची होती. मेट्रोचं स्टेशन घरापासून लांब, ऑटोवाल्याशी रोज घासाघीस. गाडी बंद केली असती तर बँक, भाजी, आईचा दवाखाना, सगळं माझ्याकडे आलं असतं. त्या क्लिकने माझे किती रविवार वाचले!

जपानमधल्या इकेबुकुरोच्या अपघाताबद्दल त्या दिवसांत रात्री वाचत बसायचे. 2019 साली 87 वर्षांच्या एका माणसाच्या गाडीखाली एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. गाडीतच बिघाड होता, हे त्याने कोर्टात लावून धरलं. कोर्ट म्हणालं, ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. 2021 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. लोक त्याच्या वयावर चिडले असतील, पण मला वाटतं जास्त चिडले ते त्या "गाडीत बिघाड"वर. आमचा 48 म्हणजे आमचा गाडीतला बिघाडच होता.

दवाखान्यात भेटायला निघालो तर आईने सवयीने फळांची पिशवी भरली, वर संत्री. मी ती परत फ्रिजमध्ये ठेवली. बाईच्या नडगीचं हाड मोडलं होतं, आत रॉड टाकला होता. ऑपरेशनचे पैसे आम्ही भरले. पुढची भरपाई थर्ड पार्टी इन्शुरन्स आणि अपघात दावा न्यायाधिकरणाकडून. तिथे कमाईचा पुरावा मागतात. संत्र्याच्या ठेल्याची पगाराची पावती कुठून आणायची? आमचे एक काका व्हरांड्यात तिच्या मुलाला समजावून राहिले होते, "जाऊ दे बापा, म्हातारा माणूस आहे." मी काकांना चहाला पाठवलं. बाबा म्हातारे आहेत, आजारी आहेत, हे सांभाळणं आमचं काम. ती दया आम्ही तिच्याकडून कशी मागायची?

आत मीसुद्धा तेच बोलले. "शुगर एकदम कमी झाली हो, नाही तर बाबा अशी गाडी..."

ती म्हणाली, "बाबाची चूक नाही म्हनता. मंग माह्या पायाची हाय का?"

वकिलांनी काही कबूल करू नका म्हणून बजावलं होतं. बाबांनी हात जोडले. "नाही बाई. माझीच आहे."

केस सुरू आहे. गाडी विकली. माझं नाव त्या केसमध्ये कुठेच नाही.

गेल्या आठवड्यात बाबांना नव्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळी बदलली आणि शांतपणे विचारलं, "आतापर्यंत अशी चक्कर किती वेळा आली?" मी "दोन" म्हणणार तेवढ्यात बाबांनी बोटं मोजली. अपघात धरून चार.

मी बघतच राहिले. "चौथी कोणती?"

"वर्धा रोडवर. गाडी बाजूला घेतली होती मी, बिस्कीट खाल्लं. तुझा पोरगा मागे झोपला होता."